चौसष्ट घरांचा होकार

चौसष्ट घरं, आणि चौसष्टच्या चौसष्ट घरांनी मला "हो" म्हटलं. एकाने जरी तोंडावर "नाही" म्हटलं असतं ना, तर मी त्याच्या पाया पडले असते.

प्रश्न साधा होता. फॉर्ममधला सतरावा. 'भोंगा वाजल्यावर आपण घर सोडून खाली निवाऱ्यात जाल का, आणि परवानगी मिळेपर्यंत तिथेच राहाल का?' आधीच्या सोळा प्रश्नांना आमच्या कारांगवेरू गावच्या लोकांनी डोकं खाजवून उत्तरं दिली होती. घरात माणसं किती, चालता न येणारं कोण, मोटरसायकल चालते की नुसती उभी आहे, छप्पर कौलांचं की पत्र्याचं. पत्र्यावर राखेचं किती वजन पेलेल यावरून तर दोन घरांत नवरा-बायकोची माझ्यासमोरच जुंपली. पण सतरावा प्रश्न आला की सगळे एकदम शहाणे. "हो, बू रुमी. जाणारच की! न जाऊन सांगतो कोणाला? चहा घ्या ना."

मी याच गावची लेक, नोकरीमुळे 'बू', म्हणजे बाई, झालेली. मला कळत नाही का? आमच्या जावा बेटावर पाहुण्याला, वडीलधाऱ्याला आणि सरकारी कागदाला कोणी नाही म्हणत नाही. हो म्हणायचं, गोड चहा पाजायचा, आणि मग आपल्याला करायचं ते करायचं. माझ्या बापाने, म्हणजे पोनिरानने, स्वतःच्या लेकीलाही असंच उत्तर दिलं. चौसष्टावं घर त्याचंच.

"बापा, मला तरी खरं सांगा."

"हो म्हटलं ना, नदुक. लिही पटकन, गवत सुकतंय."

लिहिलं. नदुक म्हणजे पोरी; असं लाडाने म्हटल्यावर काय करणार? सत्तरीच्या बापाला दुसऱ्यांदा विचारणं हासुद्धा आमच्याकडे उद्धटपणाच. पण त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवायला बसले की उठायचे, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. आमचा ज्वालामुखीचा डोंगर महिनाभर धूर सोडत होता. रात्री खिडक्यांची तावदानं वाजायची आणि सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर करडा थर असायचा.

आमचे साहेब हर्यादी, आम्ही त्यांना मानाने 'पा' म्हणतो. जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयात इंजिनिअर. माणूस सोन्यासारखा, नवरा गेल्यावर मला हे सर्वेक्षणाचं काम त्यांनीच दिलं. ते सांगायचे, "बू रुमिनाह, नुसता डोंगर म्हणजे धोका नाही. डोंगर फुटला आणि खाली कोणी नसलं तर धोका शून्य. कोण कुठे असतं आणि किती वाजता असतं, ते मला सांगा. बाकीचं यंत्रं सांगतील." त्यांच्या नकाशावर सगळ्यात लालभडक पट्टा बेलिक नदीच्या घळीचा होता. तापलेल्या राखेचे लोट घरंगळत येतात, आम्ही त्यांना मेंढ्या म्हणतो, त्या नेहमी या घळीतूनच उतरतात. घळीत घर एकही नाही. म्हणून त्या पट्ट्यापुढे माणसांच्या रकान्यात शून्य होतं, आणि ते शून्य माझ्याच हाताने टाकलेलं होतं.

मग आलं यू तुकिनाहच्या मुलीचं लग्न. तुकिनाह माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला 'यू', म्हणजे बहीण, म्हणते. लग्नघरी गावातल्या सगळ्या बायका दोन दिवस आधीपासून स्वयंपाकाला जातात. परसात तीस जणी, मांडीवर टोपल्या, डोळ्यांतून पाणी, कांदे सोलणं चालू. तिथे कोणी कोणाला मान देत नाही आणि कोणी कोणाचं ऐकूनही घेत नाही. फॉर्म मी घरीच ठेवला होता. मी आपलं सहज विचारल्यासारखं केलं, "अगं, भोंगा वाजला आणि आपण सगळ्या खाली गेलो, तर सकाळी गाईंचं दूध कोण काढणार?"

अशी हसली सगळी पंगत की विचारू नका.

"ही बघा सरकारीण! हिला एवढंही माहीत नाही!"

"अगं, कोण काढणार म्हणजे? पुरुष जाणार की. पहाटे निघायचं, गवत कापायचं, दूध काढायचं, नऊच्या आत खाली. कास तुंबली तर गाय दोन दिवसांत तापाने फणफणते. मग काय, तुझं ऑफिस येणार आहे का काढायला?"

"गावाखालच्या पुलावर तर सैनिक असतील, वर सोडणार नाहीत," मी म्हणाले.

"पुलावरून जातंय कोण!" यू तुकिनाहने सोललेला कांदा माझ्या टोपलीत फेकला. "घळीतून जायचं. रेतीच्या ट्रकची जुनी वाट आहे ना, ती साफ केलीय. चाळीसेक जण तरी असतील. आणि पुढे कोण असणार माहितेय? तुझा बाप. कोयता घेऊन वाट त्यानेच मोकळी केली."

 हातातला कांदा तसाच राहिला. त्या आपल्या हसतायत, कोणी नारळ खवतंय, कोणी नवरीच्या सासूची नक्कल करतंय, आणि मला डोळ्यांपुढे दिसतोय तो लाल पट्टा आणि त्याच्यापुढचं माझं शून्य. कांद्याचं निमित्त करून मी पोटभर रडून घेतलं.

तिथून तशीच बापाकडे गेले. तो गोठ्यात होता. तीन गाई, काळ्या-पांढऱ्या, तिन्ही त्याच्याकडे मान वळवून उभ्या. मी आल्याआल्या तोंड सोडलं.

"घळीतून जाणार? घळीतून? अहो, अख्ख्या डोंगरावर मरायला दुसरी जागा नाही मिळाली?"

"कोण बोललं?"

"कोण बोललं ते सोडा. मला तोंडावर हो म्हणालात! परवानगी मिळेपर्यंत खाली राहीन म्हणालात!"

"राहणारच आहे. फक्त सकाळी जाऊन यायचं," बापा म्हणाला. असं म्हणाला की जणू कोपऱ्यावरच्या दुकानात मीठ आणायला निघालाय. "निवाऱ्यात गाईंना जागा आहे का?"

"मागितली तर होईल."

"मग माग."

"कशी मागू? सगळ्यांनी हो लिहून दिलंय ना! लोक गाई सोडून येतायत, राहतायत, असं कागदावर आहे. मग गोठा कशाला बांधतील ते? आधी मला लिहावं लागेल की माणसं घळीतून परत चढणार आहेत."

बापाने गवताचा भारा खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तू ते लिहिलंस, की दुसऱ्या दिवशी घळीच्या तोंडाशी बंदूकवाले उभे राहतील. वाट बंद होईल, हे नक्की. गोठा बांधतील की नाही, देव जाणे. गाव तुला काय म्हणेल? पोनिरानच्या पोरीने आपल्याला विकलं. नको लिहूस, नदुक. माझ्यासाठी."

आणि मी काय म्हणाले असेन? हो म्हणाले. चौसष्ट घरांना शिव्या घालत आलेली मी, बापासमोर मान खाली घालून हो म्हणाले आणि घरी गेले.

तरी मनात होतं, बैठकीत सांगू. बापाला दिलेला शब्द मोडला तर मोडला, पण बाप राहील. बैठक सोमवारी होती. रविवारी मी आरशासमोर उभी राहून चार वाक्यं पाठ केली. पा हर्यादी, घळीत शून्य माणसं नाहीत. पहाटे सहा ते नऊ चाळीस माणसं असतील. गाईंसाठी निवाऱ्यात जागा केलीत तर एकही असणार नाही. चूक माझी आहे. बस, एवढंच. न्हाणीघरात म्हटली, मोटरसायकलवर म्हटली, ऑफिसच्या दाराशी चप्पल काढताना म्हटली.

बैठकीला तालुक्याचे प्रमुख होते, सैन्याचे एक मोठे अधिकारी होते, तिन्ही गावांचे सरपंच होते. बशांमध्ये उकडलेले शेंगदाणे. भिंतीवर नकाशा. पा हर्यादींनी आमच्या गावाचं इतकं कौतुक केलं की मला घाम फुटला. "कारांगवेरू म्हणजे नमुना," ते म्हणाले. "शंभर टक्के लोक निघायला तयार. सगळ्यात धोक्याच्या घळीत एकही माणूस नाही. आणि हे सगळं काम एकट्या बाईचं आहे." मग ते माझ्याकडे वळले, हसले. "आकडे बरोबर आहेत ना, बू रुमिनाह?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मी उभी राहिले. चारही वाक्यं जिभेवर होती, अगदी दातांपाशी. पण एवढ्या मोठ्या लोकांसमोर, ज्याने मला अन्नाला लावलं त्या माणसाला खोटं पाडायचं? त्याचं ते हसू तिथल्या तिथे उतरवायचं?

"हो, पा," मी म्हणाले.

आणि बसले. शेवटचा विषय होता गुरांसाठी तंबू मागवायचा का, तो दोन मिनिटांत संपला. लोक येऊन राहणारच आहेत, गुरांचं नंतर बघू. मी शेंगदाणे सोलत होते. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

शुक्रवारी दुपारी भोंगा वाजला. आणि काय सांगू, चौसष्टच्या चौसष्ट घरं खाली आली! म्हाताऱ्या आल्या, बाळंतीण आली, नवी नवरी मेंदीच्या हातांनी आली. बापा गादी डोक्यावर घेऊन, मी मोटरसायकल काढायच्या आधीच ट्रकमध्ये चढला होता. शाळेच्या निवाऱ्यात पा हर्यादी घड्याळ दाखवत हिंडत होते. "एक तास दहा मिनिटं, बू! मला वाटलं होतं तीन तास लागतील!" संध्याकाळी बापाने भात आणि सोयाबीनचं तेम्पे खाल्लं, माझ्या शेजारी चटई टाकली. मी त्याच्या सदऱ्याचा कोपरा हातात धरून झोपले. हसू नका. खरंच धरला होता.

पहाटेच्या अजानला जाग आली तेव्हा हातात काही नव्हतं. शेजारची चटई गुंडाळून ठेवलेली. तिच्या पलीकडची पण, आणि त्याही पलीकडची पण. अख्ख्या वर्गात बायका आणि पोरं.

मी मोटरसायकल काढली आणि पूल गाठला. उजाडत होतं. पुलावर बाचो नावाचा सैनिक होता, दूरच्या सुलावेसी बेटाकडचा, तोंडाचा फटकळ.

"घळीचा भोंगा वाजवा," मी धापा टाकत म्हणाले. "खाली माणसं आहेत."

"कुठे खाली?"

"बेलिकमध्ये! चाळीस जण आहेत!"

त्याने छातीच्या खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. बोट ठेवलं. "इथे शून्य आहे, बाई. शून्य म्हणजे कोणी नाही. भोंगा वाजवला की खालची सात गावं रस्त्यावर येतील. कोणाच्या हुकमाने वाजवू?"

"ते शून्य चुकीचं आहे."

"कोणी लिहिलं?"

"मी!" मी किंचाळलेच. "मी लिहिलं, मी! खोटं लिहिलं! आता वाजवतोस की माझ्या बापाचं मढं बघायचंय तुला?"

बाचोने नकाशा खिशात कोंबला. त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे पा हर्यादी, झोपेतून उठलेले.

"पा, घळीत आमच्या गावचे पुरुष आहेत. दूध काढायला गेलेत. मला आधीपासून माहीत होतं. सोमवारी मी तुमच्यासमोर खोटं बोलले."

 मग म्हणाले, "का नाही सांगितलंत मला?"

"तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत."

"फोन त्याच्याकडे द्या," ते म्हणाले. अर्ध्या मिनिटात भोंगा सुरू झाला.

मी पुलाच्या कठड्याला पोट टेकून खाली बघत राहिले. आधी काहीच नाही. मग वळणावर एक माणूस दिसला, डोक्यावर गवताचा भारा तसाच. "टाक तो!" मी ओरडले. "मेल्या, टाक तो भारा!" मग दोन, मग पाच, मग एकदम घोळका. दगडांवरून घसरत, पडत, एकमेकांना ओढत ते वर चढत होते आणि बाचो एकेकाच्या दंडाला धरून खेचत होता. मी मोजत होते. तुकिनाहचा नवरा आला. नवा जावई आला, त्याची तर लग्नातलीच चप्पल. चाळीस झाले. त्यांच्यात बापा नव्हता.

"बापा कुठाय?"

तुकिनाहचा नवरा गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता, धाप लागली होती. "पोनिरानकाका पुढे होते. गावात पोचले होते. भोंगा ऐकल्यावर आम्ही खालून ओरडलो, काका, चला, मागे फिरा!"

"मग?"

"हो हो, आलोच, म्हणाले."

मी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी मारलं. त्याने मारू दिलं. त्याला काय दोष? "हो, आलोच!" म्हातारा तिथे पण हो म्हणाला!

मेंढ्या उतरल्या तेव्हा सात वाजले असतील. आवाज काही मोठा आला नाही. वरच्या बाजूचं आभाळ करडं झालं आणि ते करडं खाली येऊ लागलं. बाचोने मला कमरेला धरून उचललं आणि रस्त्याने फरफटत नेलं. घळ काठोकाठ भरली, वरच्या अंगाला ती काठावरून सांडली आणि आमच्या गावाच्या सगळ्यात वरच्या, पहिल्या आळीवर गेली. पुलाच्या वरच्या वळणाशी लोट थांबला. मग राख पडायला लागली. चाळीस पुरुष रस्त्याच्या कडेला बसले होते.

साधारण नऊला डांबरी रस्त्यावरून गाई आल्या.

पुढे आमच्या तिघी. राखेने तिन्ही एकाच रंगाच्या झालेल्या, पण मी ओळखलं. एकीच्याही गळ्यात दोर नव्हता. त्यांच्या मागून तुकिनाहच्या दोन, मग आमच्या आळीतल्या मुगियोची लंगडी, मग आणखी, मग आणखी. एकोणीस. खालच्या अर्ध्या गावातल्या सगळ्या. कोणाच्याच गळ्यात दोर नाही. मला कळायला वेळ लागला नाही. म्हातारा नुसत्या आपल्या गाई मोकळ्या करून थांबला नव्हता. भोंगा वाजत असताना तो गोठ्यामागून गोठा हिंडत होता, खालून वर, पहिल्या आळीच्या दिशेने.

शाळेच्या फाटकाशी पा हर्यादी उभे होते. गाई तिथे येऊन थांबल्या आणि हंबरायला लागल्या, कासा दगडासारख्या झालेल्या. आत न्यायला जागा नव्हती. मैदानात तंबू, वर्गांत माणसं, ओट्यावर तांदळाची पोती.

"कुठे बांधायच्या?" पा हर्यादींनी विचारलं. चेहरा राखेसारखाच.

"कुठेही नाही. जागाच केली नाही ना आपण!" मी म्हणाले. मग स्वयंपाकाच्या तंबूत गेले, एक पातेलं उचललं आणि आले ती सरळ रस्त्यातच बसले, मधल्या गाईच्या पोटाशी. पहिल्या धारा बाहेरच गेल्या. गाईने लाथ मारली. दुसऱ्यांदा मारली. मी तिच्या मांडीला डोकं टेकवलं आणि मोठ्याने रडायला लागले, पण हात थांबवले नाहीत. यू तुकिनाह पातेलं घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. मग बाकीच्या आल्या. पा हर्यादी माझं पातेलं दोन्ही हातांनी धरून उकिडवे बसले, कारण मला ते धरता येत नव्हतं.

त्यांनी हळूच विचारलं, "बू, त्यांच्याकडे फोन आहे का? लावून बघू?"

"नाही," मी म्हणाले.

तिघींचं दूध निघेपर्यंत साडेदहा वाजले. रस्ता वरपर्यंत दिसत होता आणि त्यावरून अजून कोणी येत नव्हतं.